मामांचा लेथ, मंदाच्या पिना

नारपोली, भिवंडी
ता. ११ जानेवारी १९८८

ति. मामांना,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुमच्या डोळ्याची पट्टी निघाल्याचं ताईंनी कळवलं. इकडे आत्या बऱ्या आहेत, ह्यांची ड्युटी चालू आहे. काल मानकोलीचे दामूभाऊ येऊन पडवीतला तुमचा कातकामाचा लेथ बघून गेले. तुम्हीच विकायचा निरोप दिला म्हणे. ऐकून आत्या जेवल्या नाहीत.

आता रागवू नका. इतकी वर्षं तुमच्या हाताखाली टूल धरून देता देता मी निम्मं काम नुसतं बघून शिकले. परवा लेथ चालू केला. सळई पकडणाऱ्या चकची चावी चकमध्येच राहिली होती, ती उडाली आणि पाण्याचा माठ फुटला. आत्या म्हणाल्या, ही सून हाय का तोफ हाय. मला लागलं नाही. लेथ विकू नका, मला शिकवा.

माया पातळ होऊ देऊ नका.
आपली,
मंदा

नाशिक
ता. १८ जानेवारी

चि. सौ. मंदा हिला राघोचे अनेक आशीर्वाद.

सांगतो मी, लिहिते तुझी नणंद, म्हणून अक्षर वाचता येईल.

माठ गेला ते जाऊ दे. डोकं फुटलं असतं तर माझ्या पोराला, वाल्मीकला, मी काय तोंड दाखवलं असतं? चकमध्ये चावी असेपर्यंत हात तिच्यावरून काढायचा नाही. नुसता पदर खोचून भागणार नाही, वरून माझा जुना सदरा घाल. बांगड्या काढून ठेव. तुझी सासू, कौसल्या, काही बोललीच, तर मी सांगितलंय म्हण.

डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याला आता उजेड तेवढा कळेल. डावा आधीच अधू. अशा माणसाने लेथ ठेवून करायचं काय, म्हणून दामूला निरोप दिला. पण त्याला थांबायला सांगतो. आपण लूमवाल्यांना देतो तसली एक लोखंडी पिन कर आणि पोस्टाने पाठव. बोटं शाबूत आहेत माझी.

तुझा,
मामा

ता. क. वहिनी, हे सांगताना बाबा हसत होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. – ताई

नाशिक
ता. ३ फेब्रुवारी

चि. सौ. मंदा हिला आशीर्वाद.

पिन पोचली. दिवसभर बोटांत फिरवली. एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक. सळई चकमधून लांब बाहेर काढून कापलीस, त्यामुळे ती टूलच्या दाबाने मागे वाकली. मोकळ्या टोकाला टेलस्टॉकचा आधार दे आणि थोडं थोडं काप. घाई लूमवाल्यांना असू दे. बाकी तुझा हात हलका आहे, हे मात्र कळलं.

मामा

नारपोली
ता. २१ फेब्रुवारी

ति. मामांना,
सप्रेम जयभीम वि. वि.

सांगितलं तसं केलं. चार पिना वाया गेल्या, पाचवी जमली. लूमवाले अन्सारीभाई तुम्हाला शोधत आले होते, त्यांना तीच दिली. बघून म्हणाले, बुढ्ढे का हाथ है. संध्याकाळी येऊन सांगून गेले की लूम चालू झाला, अजून पिना पाहिजेत. तेव्हा ह्यांनीच सांगितलं त्यांना, पिन कुणाची ते. धामणकर नाक्यावर आता हे स्वतःच सगळ्यांना सांगत सुटलेत.

गुरुवारी दामूभाऊ टेम्पो घेऊनच आले. तुमचा थांबायचा निरोप त्यांना मिळालाच नव्हता. आत्या पडवीच्या दारात जाऊन बसल्या, उठल्याच नाहीत. म्हणाल्या, सून कामावर हाय, मशीन कसं न्यायचं? टेम्पो रिकामा गेला.

आता तुम्ही या. सगळे वाट बघतात.

आपली,
मंदा

नाशिक
ता. २६ फेब्रुवारी

चि. सौ. मंदा हिला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ताईकडून दोनदा वाचून घेतलं. खरं सांगतो, घरी यायची मला भीती वाटत होती. रोज त्या बंद लेथजवळून जायचं, आणि हात लावायचा नाही. म्हणून इथला मुक्काम लांबवत राहिलो.

रविवारी येतो. मशीन तूच चालव. मी बाजूला स्टुलावर बसेन, गिऱ्हाइकांशी बोलेन. कामगाराला चहाही करून देईन म्हणतो. डब्यातली साखर कुठली आणि मीठ कुठलं हे मला दिसायचं नाही, तेव्हा जो होईल तो मुकाट्याने प्यायचा.

तुझा,
मामा