पाणी घातलेली पोपटी

मी, मैना पोपट मोकल, वय सदुसष्ट, राहणार गागोदे बुद्रुक, तालुका पेण, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. शेजारीण धोंडुबाईला तो मान्य नाही.

माझे पती पोपट तीन वर्षांपूर्वी वारले. मैनेला पोपट मिळाला म्हणून लग्नात वऱ्हाड हसलं, पुढे जन्मभर आम्ही दोघं हसलो. आता मी दोघांच्या वाटचं हसते. कधी कमी पडतं.

१. ह्यांनी हयातीतच घर आणि वालाचं शेत माझ्या नावावर केलं. मुलगा नितेश म्हणतो, "आई, शेत फार्महाऊसवाल्याला दे, खारघरला मोठा फ्लॅट घेऊ. इथं काय हाय?" त्याचं सगळंच चूक नाही. त्याच्याकडे चौदाव्या मजल्यावर मी चार महिने राहिले. नळाला दिवसभर पाणी, खाली वाचनालय. पुड्यांचे कागद वाचून अक्षर शिकलेल्या बाईला तिथे कपाटच्या कपाट उघडं मिळालं. लिफ्टमधून मी बिनकामाची वर-खाली करायचे. हे असते तर उतरलेच नसते.

"कुठं चाललीस गो?" असं तिथे कोणी विचारत नाही. पहिला महिना त्याचंच सुख वाटलं. दुसऱ्या महिन्यात मीच लिफ्टमध्ये लोकांना विचारू लागले. एक गृहस्थ घाबरून भलत्याच मजल्यावर उतरले. पुढे मी तापाने पडले, तर समोरच्या दाराला पत्ता नाही. इथे शिंकले तरी धोंडुबाई काढा घेऊन येते. तो इतका कडू, की शहर बरं वाटतं.

२. तरीही शेत विकायचं नाही. घर आणि शेत सून नमिता हिला द्यावं. ती चेंबूरची. हे गेले त्या थंडीत आमच्या अंगणात पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, लागणार नव्हती. तिने कोणाला न विचारता शेंगा तोडल्या, मडकं भरलं. पोपटीला पाणी लागत नाही, भांबुर्डीच्या पाल्यात शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. हिने तांब्याभर पाणी ओतलं, मडकं पालथं घातलं, भोवती जाळ केला. पाणी आलं खाली, जाळ फुस्स.

धोंडुबाई कुंपणावरून ओरडली, "अगो, भाजतेस का न्हाऊ घालतेस?"

"आधी आंघोळ, मग जेवण. आमच्याकडे असंच असतं, काकू."

मी हसले. हे गेल्यापासूनचं पहिलं हसू. शेत त्या हसण्याचं. नमिताने राहावं कुठेही, भात कापल्यावर वाल मात्र पेरावा.

३. नितेशला पोस्टातली ठेव. त्यात फ्लॅटची एखादी खिडकी येईल. ती गागोद्याच्या दिशेला घ्यावी.

४. मुलगी वैशाली, जी रोह्याला दिली आहे, तिला माझी नथ आणि पुस्तकं. नथ खुशाल उसनी द्यावी, पुस्तक देऊ नये. नथ परत येते.

५. माझ्या पाट्या-वरवंट्यावर धोंडुबाईचा डोळा आहे. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये. म्हणून तिला साक्षीदार केलं आहे.

६. मी गेल्यावर येणाऱ्या पहिल्या थंडीत अंगणात पोपटी लावावी. नमितानेच लावावी, तांब्याभर पाणी घालून. जाळ विझला की सर्वांनी मोठ्याने हसावं, आम्हा दोघांच्या वाटचं. पहिली शेंग धोंडुबाईने खावी, कच्ची असली तरी.

स्थळ: पेण
दिनांक: २२ जानेवारी २०२५
सही: मैना पोपट मोकल

साक्षीदार:
१. हर्षद अनंत पाटील
२. धोंडुबाई काळुराम मोकल. सही केली. शेंग पण खाईन. पण एवढ्या घाईनं कुठं चाललीस गो?