गोठत न्हाय ते पाणी

१२ डिसेंबर, शुक्रवार

हे गाडी घेऊन मनालीला जाणार! बर्फात!

जेवताना सांगितलं. भाकरी मोडत, मोहोळला जाऊन येतो म्हणावं तसं. ह्यांचे मालक कमलाकर सर, जुळे सोलापूर भागात राहतात; हे त्यांची गाडी चालवतात. बँकेतनं रिटायर झाले आणि आता त्यांना आणि मॅडमला बर्फ बघायचाय. सर विमानाला भितात, म्हणून आपल्याच गाडीनं जायचं. चालवणार हे. २४ ला निघायचं.

मी विचारलं, तुमी बर्फात कधी गाडी चालवलीय का? तर म्हणाले, "तुळजापूरचा घाट चालवतो की. घाट तो घाट."

सर भितात ते चालतं. मी भिले की खुळी.

पोरगी आठ म्हैन्याची हाय. अजून तिला बाबासुद्धा म्हणता येत न्हाय.

१३ डिसेंबर

मोबाईलवर बघितलं. बघायला नको होतं.

एक माणूस बर्फातनं चाललाय. काचेवर चिखल उडाला. त्यानं बटण दाबून काच धुवायचं पाणी मारलं — आणि ते काचेवर पडल्या पडल्या गोठलं! सगळी काच दुधावानी पांढरी. पुढचं काय दिसंना, आणि गाडी चाललीच हाय. वाचला तो. ओरडत होता ते कळलं न्हाय, पण आईलाच हाक मारली असंल.

ह्यांना विचारलं, तुमच्या गाडीत कुटलं पाणी असतं? म्हणाले, नळाचं. तेबी चार दिवसाला येतं, काटकसरीनं मारतो.

ह्यांना हसू येतं कसं?

१५ डिसेंबर

पोरीला कडेवर घेतलं आणि सिद्धाराम मेस्त्रींच्या गॅरेजला गेले. गोठत न्हाय असलं काचेचं पाणी मागितलं. मेस्त्री गाडीखाली होते. तितनंच म्हणाले, "वहिनी, सोलापुरात पाणी उकळतं, गोठत न्हाय." मग बाहेर येऊन म्हणाले, शाम्पूची एक पुडी पाण्यात टाका, झालं काम. पुडीवर केस सोडलेली बाई हाय. तिला काय कळतंय बर्फातलं?

तितनं सात रस्त्याच्या चौकात. गाडीच्या सामानाच्या दुकानात एकजण म्हणाला कूलंट भरा, ते गोठत न्हाय. दुसरा म्हणाला गप, ते इंजिनाचं असतं, काचेवर मारलं तर तेलकट फासतं, मग बर्फ नसला तरी दिसायचं न्हाय. दोघांचं जुंपलं. मी तोवर एक निळी बाटली बघितली, वर बर्फाचा डोंगर छापलेला. दुकानदार म्हणाला, "ताई, डोंगर हाय की वर. अजून काय पायजे?"

घेतली.

१६ डिसेंबर

बाटली सरबतावानी दिसती. मागं लिहिलंय — विषारी, लहान मुलांपासून लांब ठेवा. आणि ही आता रांगाया लागलीय!

कपाटावर ठेवली. मग वाटलं, कपाट पडलं तर? माळ्यावर टाकली. आता ही माळ्याकडं बघत बसलीय.

१७ डिसेंबर

डोंगर छापलाय खरा, पण गोठत न्हाय हे कुणी बघितलंय?

शेजारच्या शिवलीला वहिनी पिशवीतलं गारीगार विकतात. थंडीत गिऱ्हाईक कमी, फ्रीजर निम्मा रिकामा. त्यांच्या हातापाया पडले. दोन पिशव्या भरल्या, एकीत शाम्पूचं पाणी, एकीत निळं. दोन्हीला लाल दोरा. वहिनींना तीनदा सांगितलं, लाल दोरा म्हंजी विष, वेगळ्या डब्यात ठेवा, कुणाला द्यायचं न्हाय. वहिनी म्हणाल्या, असलं काय माज्या दुकानात परत आणू नको.

१८ डिसेंबर

शाम्पूचं — दगड.

डोंगराचं — तेबी दगड!

तशीच पिशवी घेऊन सात रस्त्याला गेले आणि काउंटरवर ठेवली. ठक्क वाजली. दुकानदार तिच्याकडं बघतच राहिला. म्हणाला, वीस वर्षं दुकान हाय, कुणी गोठवून आणली न्हाय अजून.

मग जरा नीट बोलला. उणे वीसची मागवतो म्हणाला. मी म्हटलं, उणे कशाला, उणे म्हंजी कमी की, मला जास्त पायजे. त्यानं कागदावर रेघ मारून दाखवलं — थंडीत जेवढं उणं जास्त, तेवढं चांगलं. सातवीत ह्याच्यातच मी नापास झालते. मास्तरांनी काचेचं पाणी सांगितलं असतं तर पास झाले असते.

२० डिसेंबर

आली. साधी बाटली, डोंगर न्हाय, काय न्हाय. पाणी तेवढं निळंच. बारीक अक्षरात −२०. खाली, पाणी मिसळू नये.

परत पिशवी, परत लाल दोरा. वहिनींनी हात जोडले, पण ठेवू दिली.

२१ डिसेंबर, रविवार

आज मी मेले असते.

दुपारी सासूबाई तणतणत आल्या. ती शिवलीला लबाड हाय म्हणाल्या, लोकांना न गोठलेलं गारीगार विकती. मी म्हटलं, तुमाला कसं कळलं? तर पदराला बोटं पुसाया लागल्या. त्यांना शुगर हाय, गोड बंद हाय! वहिनी आत चहा ठेवायला गेल्या की ह्या गुपचूप फ्रीजर उघडतात.

मी विचारलं, लाल दोरा होता का? व्हय. खाल्लं का? न्हाय, पिशवी मऊ लागली म्हणून परत टाकली. हात धुवायला लावले, तोंड उघडून जीभ बघितली. निळी न्हाय. मग कुटं डोक्यात शिरलं — मऊ! एक रात्र, निम्मा दिवस फ्रीजरात, आणि मऊ!

सासूबाईंना मिठीच मारली. त्या ह्यांचं नाव घेऊन माज्या कानात म्हणाल्या, "विरेशला सांगू नको गं."

पिशवी लगेच काढून आणली. वहिनींचा डबाबी घासून दिला.

२३ डिसेंबर

नवं पाणी हे जुन्यावरच ओतत होते! बरं मी बघितलं. म्हटलं, आत नळाचं हाय, विसाचं दहा होईल. म्हणाले, तू आता गॅरेज टाक. पण ऐकलं. बटण दाबून दाबून जुनं सगळं उडवून टाकलं, दारातल्या रांगोळीसकट. मग नवं भरलं. दवाखान्यावानी वास आला.

२४ डिसेंबर

गेले.

२६ डिसेंबर

दिल्लीच्या पुढं हायेत. सर मागं झोपतात, मॅडम चिवडा देतात. उद्या घाट लागंल म्हणाले. आवाज झ्याक होता.

२७ डिसेंबर

फोन लागत न्हाय. दहादा लावला. सासूबाई देवापुढनं उठल्या न्हाईत. दोघीबी जेवलो न्हाय.

२८ डिसेंबर, रविवार

फोन आला. पाणी गोठलं न्हाय. काच लख्ख हाय.

हे गाडी कडेला लावून एकटे मागं उभे होते. आवाज एवढुसा. "सगळं दिसतंय गं. खालची नदीबी दिसतीय. मला न्हाय जमत. परत गाडीत बसवंना."

मी — जी सात रस्ता ओलांडताना डोळं मिटती — मी म्हटलं, नदीकडं बघू नका. पुढं ट्रक हाय का? त्याचे लाल दिवे बघा, त्याच्या मागनं हळू चला. फोन सरांकडं द्या, चालूच ठेवा.

सव्वा तास बोलले. एकदाबी माजा आवाज कापला न्हाय.

हे हॉटेलात पोचले. मी फोन ठेवला. मग भिले.