पाठीवरचे लाल पट्टे

कालिसारी, ३ मार्च

चि. विचाक्सोनो यास सुमिराहमावशीचा आशीर्वाद.

इथल्या दवाखान्याला कुलूप लावून तू सेमारांगला आईकडे जाऊन बसलास, असं कळलं. अक्षर माझं वाईट आहे, लावून वाच. तुझे काका स्वतःच्या पायांनी तुझ्याकडे आले होते. तू त्यांचा सदरा वर केलास, मी नाण्याने घासून उठवलेले लाल पट्टे बघितलेस आणि हसलास. म्हणालास, अंगात शिरलेलं वारं मावशीने काढलंय, आता औषध कशाला. तेही हसले. दोन दिवसांत त्यांना माती द्यावी लागली. तू नेमकं काय बघितलंस? गुळमुळीत नको, खरं लिही.

तुझी मावशी

सेमारांग, १० मार्च

ती. मावशीस विचाकचा सलाम.

पट्टे पाहिले आणि माझी नजर तिथेच थांबली. लहानपणी आई माझीही पाठ अशीच घासायची. पट्टे म्हणजे वारं, हे डॉक्टर होण्याआधीपासून डोक्यात बसलेलं. परमुलखातला डॉक्टर दचकला असता, त्याने चार प्रश्न विचारले असते. मी त्यांची बाही जरी वर केली असती, तरी हातावर न घासताच उठलेले बारीक ठिपके दिसले असते. तो डेंग्यू होता. ताप उतरलाय असं काका म्हणाले, मला हायसं वाटलं. त्या आजारात ताप उतरतानाच धोका वाढतो, हे मी परीक्षेत लिहून पास झालोय.

आता कुणाला तपासायचा धीर नाही. राजीनामा लिहून ठेवलाय. काकांच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला येऊ का, हे विचारायलाही तोंड नाही.

आपला विचाक

कालिसारी, १८ मार्च

चि. विचाक यास आशीर्वाद.

मी तुला माफ केलेलं नाही. आईला तसं सांगत फिरू नकोस.

इथे घरोघरी ताप आहे. दवाखाना बंद, म्हणून बायका नाणं घेऊन माझ्या दारात येतात. माझा हात उठत नाही. परवा शेजारच्या पोनियेमने लेक आणली. मी तिची बाही वर केली, पण मला काय कळतंय? डास चावलेलं आणि ते ठिपके मला सारखेच. शेवटी भाजीच्या ट्रकमधून तिला शहरात धाडली. अजून निरोप नाही.

राजीनामा फाडून टाक. नवा डॉक्टर आला तर तुझ्या काकांना तो कुठून ओळखणार? तुला मात्र प्रत्येकाचा सदरा वर करताना ते आठवतील. आठवायलाच हवेत.

चाळिसाव्याला ये. मी तुझ्याशी बोलणार नाही. प्रार्थनेला आलेल्यांना घरी न्यायला भाताची टोपली देतात, ती तुझ्या वाटणीची मात्र सगळ्यांबरोबर बांधून ठेवीन.

लोभ आहे तेवढा आहे. वाढायचं काय ते पुढे बघू.

मावशी