सारवलेली जीप

१६ फेब्रु. १९५८, रवि.
आज बाबांचा पाय जीपच्या पत्र्यातून आरपार खाली गेला. गाडी उभी होती म्हणून निभावलं. नडगी सोलून निघाली, हळद लावली. बाबा जखम सोडून दिवसभर पत्र्यालाच शिव्या देत होते.

लढाई संपल्यावर बिरसीच्या विमानतळावरचा माल लिलावात निघाला, तेव्हाची ही गाडी. तेव्हापासून बाबांशिवाय कोणी चालवली नाही. मला येते, पण ते असताना स्टिअरिंगला हात लावायची सोय नाही.

खरं लिहायचं तर मला बरंच वाटलं. गाडी बसली. आता काही दिवस तरी...

१८ फेब्रु.
हे कुठे बोलता येत नाही म्हणून इथे. दिवाळीनंतर बाबांना नागपूरला डोळे दाखवायला नेलं होतं. डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावलं. हा मोतीबिंदू नव्हे, ऑपरेशनचा उपयोग नाही, आहे ती नजरही हळूहळू जाईल. घरी येताना मी बाबांना म्हटलं, थेंब घालत राहा, फरक पडेल.

गेल्या महिन्यात त्यांनी गाडी शेताच्या बांधावर, धुऱ्यावर चढवली आणि वर गड्यावरच ओरडले, धुरा इथं कोणी आणला म्हणून. तेव्हा सगळे हसलो. आता हसू येत नाही. रस्त्यावर पोरं खेळतात, बायका सरपणाचे भारे घेऊन येतात, भाऱ्याखालून त्यांनाच समोरचं दिसत नाही.

गाडी चालवू नका. एवढं एक वाक्य. निघत नाही.

२३ फेब्रु., रवि.
मी म्हणत होतो मिस्त्रीला सवड नाही. बाबांनी परस्पर मोटरवाल्याजवळ निरोप धाडला आणि गोंदियाचे बशीर मिस्त्री आज वेल्डिंगच्या गॅसची टाकी बैलगाडीत घालून हजर. खळ्यात जीप लाकडी ठोकळ्यांवर चढवली, सीटा काढल्या. खाली पत्रा दिसेना. दोन बोटं जाड खपली, थरावर थर. मिस्त्री छिन्नी घेऊन बघत बसले. मी ओळखलं. शेण.

बियाण्याचं पोतं उघड्या लोखंडावर ठेवायचं नाही, असं मायचं. पेरणीआधी जीप सारवायची, धान घरी आणायच्या आधी सारवायची, सणाला तर सारवायचीच. शेणाखाली पत्रा ओला राहिला आणि आतल्या आत गंजून गेला. छिन्नी लावली की पापडासारखा तुटतो.

"भैया, ये गाड़ी है कि आँगन?" मिस्त्री म्हणाले. मी हसलो, मग त्यांना खुणेनं गप्प केलं, कारण माय पाणी घेऊन येत होती. तिनं विचारलं कशानं सडला. पाण्यानं, म्हणालो. आमच्या घरात खोटं असंच बोलतात, हळू आवाजात आणि दुसऱ्याच्या भल्यासाठी.

२६ फेब्रु.
पत्रा संपला, आता चासी. गाडीच्या पोटाखालचे दोन लांब दांडे, सगळा भार त्यांच्यावर. उजवा बरा आहे. डावा मधोमध गेलेला, म्हणजे नेमका चालवणाऱ्याच्या खाली. (ही मिलिटरीची गाडी, स्टिअरिंग डावीकडे.)

बाबा बाजूला पाट टाकून बसले. हातोडीनं दांडा ठोकत ठोकत पुढे सरकत होते. जिथं आवाज खणखणीत न येता बोदा येई तिथं म्हणत, हा काप. नव्यानं कापलेल्या गरम कडेवर बोट टेकलं. लगेच धोतरात लपवलं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी टाकीकडे.

१ मार्च
मिस्त्रींना बाजूला घेऊन म्हटलं, दांडा दुरुस्त होत नाही असं सांगा. मागचं कारणही सांगितलं. भला माणूस, कबूल झाले आणि चेहरा पाडून सांगितलंही. बाबा म्हणाले, मग सडका तुकडा काढून टाक आणि बिरसीच्या भंगारातून त्याच्या जागी जोडायला लोखंडी चॅनेल आण. गडी बैलं जुंपायला उठलासुद्धा. मिस्त्री माझ्याकडे बघून कान खाजवत बसले.

६ मार्च
काल होळी. काम बंद. गाडीच्या सांगाड्याभोवती पोरं नाचत होती. बाबांनी माझा मुलगा समजून एकाला हाक मारली, तो शेजारच्याचा निघाला.

१४ मार्च
दांडा जोडला. कापायच्या आधी ठोकळे पाण्याची नळी लावून समपातळीत घेतले होते, नाहीतर चासी वाकडी जोडली जाते आणि गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढते. जोडावर दोन्ही अंगांनी पट्टी. तळाला नवा पत्रा, पाणी निघून जायला भोकं, वरून शेंदरी रंग. काम देखणं झालं, हे मान्य करावंच लागेल. मिस्त्री परवा जाणार. मग माझ्याकडे कारण उरणार नाही.

२१ मार्च, पाडवा
सकाळी माय शेणाची टोपली घेऊन खळ्यात आली. नव्या पत्र्यावर पहिला हात फिरवणार, तेवढ्यात मी मनगट धरलं. सांगून टाकलं. माय, लोखंड सारवू नये, त्यानंच पत्रा सडला, पाण्यानं नाही.

ती रडेल असं वाटलं होतं. ती चिडली. "मंग इतकी वर्सं कोनी काऊन नाही सांगलं? मी का खाऊन टाकलं असतं तुमाले?"

टोपली तिथंच ठेवून गेली. थोड्या वेळानं हळदकुंकू घेऊन आली, बॉनेटला लावलं, पत्र्याकडे पाहिलं नाही. मला सणाचा घास गोड लागला नाही. बाबा ओट्यावर होते, सगळं ऐकलं असणार.

२२ मार्च
दुपारी बाबांनी बोलावलं. म्हणाले, शेणानं पत्रा खराब होऊन राहिला हे त्यांना दुसऱ्याच वर्षी समजलं होतं. तिचं मन मोडायचं नव्हतं. म्हणून गप्प. मग म्हणाले,

"तिले सांगलंस. आता माह्यं सांग."

सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं. गाडी चालवू नका, हेही. आवाज माझाच वाटत नव्हता. ते खाली बघत होते.

"थेंबानं काई होत नाही, हे मले पयल्या शिशीतच समजलं."

"मंग घालता कायले, बाबा?"

"तू आनतोस म्हनून."

उठून गोठ्यात गेलो. बैलांना गरज नसताना पेंढा टाकत राहिलो. इतकं रडू कधी आलं नव्हतं.

२३ मार्च, रवि.
सकाळी बघतो तर बाबा धुतलेलं धोतर नेसून स्टिअरिंगसमोर. मला शेजारी बसवलं. "काय काय येते, सांगत जाय."

तलावाच्या पाळीपर्यंत, बांधापर्यंत गेलो. मी सांगत होतो. बैलगाडी. बाभूळ. उजवीकडे खड्डा. दांडा कुरकुरला नाही, गाडी सरळ चालत होती, आणि बाबांचा चेहरा मी कितीतरी दिवसांनी असा पाहिला. परतताना एक पोरगी बकरीमागे रस्त्यात धावली आणि माझी जीभ अडकली. शब्दाऐवजी हात गेला, स्टिअरिंग ओढलं. पोरगी वाचली. बकरीही.

बाबांनी विचारलं, काय होतं. सांगितलं. त्यांनी स्टिअरिंग सोडलं नाही, मीही सोडलं नाही. तसेच घरी आलो, चार हातांनी, बैलाच्या चालीनं.

जेवताना म्हणाले, उद्या चिचगडला तुझ्या बहिणीकडे जाऊ, पाडव्याची साडी द्यायची राहिली आहे. जंगलाचा रस्ता, मध्ये बाजाराची गावं. मायनं वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं. कितीला निघायचं, एवढंच बाबांनी विचारलं. मी म्हटलं, उजाडल्यावर. चालवणार कोण, ते अजून कोणीच बोललेलं नाही.