कनका मावशीची उत्तरं

कनका मावशीस,
हरिप्रियाचा नमस्कार.

काल फोनवर तू नेहमीसारखं लाडाने विचारलंस, "कण्णा, तुझे प्रश्न घेऊन कधी येतेस?" मी म्हणाले, "ते काम झालं मावशी, आता नको."

खरं सांगते. समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला कारखान्यातल्या दहा बायकांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. नऊ मी घेतल्या. दहावी तुझी. त्या शनिवारी तू अंबत्तूरच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून घरी वाट बघत बसलीस. मला ताप आलाय असं तुला कळवून मी मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेले. दुसऱ्या दिवशी तुझा फॉर्म मीच भरला. तुला लहानपणापासून ओळखते, त्यात विचारायचं काय, असं वाटलं. कामाबद्दल काही तक्रार आहे का, या प्रश्नापुढे मी लिहिलं, "नाही."

बाईंनी वर्गात नेमकी तुझीच मुलाखत वाचून दाखवली आणि माझं कौतुक केलं. मी मान खाली घालून ऐकत राहिले.

काल माझं उत्तर ऐकून तू म्हणालीस, "काय काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं गं. पंधरा वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. हाताचंही सांगणार होते."

हे पत्र मी टाकणार नाही. तुझ्यासमोर येऊनच बोलायला हवं, पण अजून पाय उचलत नाही.

तुझ्या हाताला काय झालंय, मावशी?

तुझी,
हरिप्रिया