त्याचा मान, माझी मान

मेरिडियन, मिसिसिपी
११ फेब्रुवारी

प्रिय व्हर्लीनताई,

गुडघा कसा आहे ते आधी कळव. बिलॉक्सीच्या खाऱ्या वाऱ्यात तो जास्त ठणकतो असं तूच म्हणाली होतीस, आणि नेल सांगत होती की तरीही तू जिना चढून वरच झोपायला जातेस. आता खाली झोपत जा. तुझी लेक सांगते तेवढं तरी ऐक. नातवंडांना माझ्याकडून गालगुच्चे.

इकडे सगळं आपापल्या जागी आहे. परसातल्या पिकनच्या झाडाची मोठी फांदी वादळात पडली, ती नेमकी कुंपणावर. शेजारच्या लूमिसनं करवत आणून कापून दिली आणि त्या बदल्यात दिवसभर बसून माझं डोकं खाल्लं. चर्चमध्ये पियानोला नवी बाई आलीय. ती इतकी भरभर वाजवते की आम्ही म्हातारी मंडळी दुसऱ्या कडव्यात असतो तोवर तिचं आमेन झालेलं असतं. गळ-आमिषाचं दुकान चालतंय. थंडीत गळ टाकायला येणारे बहुतेक घरात भांडून आलेले असतात, त्यामुळे गांडुळं कमी खपतात आणि रडगाणी जास्त ऐकावी लागतात.

हे सगळं मी तुला फोनवरच सांगितलं असतं. पण तू फोन उचलत नाहीस.

त्या दिवशी तू म्हणालीस, "रेडिओवर तुझं नाव ऐकलं. खरं आहे का?" मी हो म्हटलं. तू म्हणालीस, "ठीक आहे." आणि फोन ठेवलास. तुझं हे 'ठीक आहे' मी लहानपणापासून ओळखतो. त्यापेक्षा दोन थोबाडीत परवडल्या. म्हणून आता लिहायला बसलोय. माझं अक्षर डाव्या हाताचं आहे, ते तूच शिकवलेलं आहेस, तेव्हा वाचता येत नाही ही सबब चालायची नाही.

सुरुवात झाली पर्विसच्या केशकर्तनालयात. शरद ऋतूत फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी, त्या मानाच्या दालनासाठी, जुन्या खेळाडूंची यादी आली आणि तिच्यात एमिल कोस्टेल्निकचं नाव निघालं. तेव्हापासून गावात दुसरा विषय नव्हता. मी दाढी करायला गेलो की सगळे हवापाण्यावर बोलायला लागायचे, म्हणजे मी येण्याआधी काय चाललं होतं ते कळायचंच. एके दिवशी मात्र मी खुर्चीत होतो, तोंडावर गरम टॉवेल होता, आणि लूमिस आत आला तो बोलतच.

"अकरा हंगाम खेळला तो माणूस," लूमिस म्हणाला. "लाइनबॅकर म्हणून बचावफळीच्या मधोमध उभा राहायचा. त्याच्या अंगावरून चेंडू घेऊन पुढे गेलेला एक माणूस दाखव. उगाच नाही त्याला कुलूप म्हणत."

"कुलूप कसलं, दरोडेखोर," पर्विस म्हणाला. "एकदा तरी अजिंक्यपद मिळवलं का त्याच्या संघानं?"

"संघ भिकार होता, त्याला तो काय करणार? दहा जण झोपलेले आणि हा एकटा जागा."

"जागा असेल. पण किती जणांना कायमचं झोपवलं ते बघ ना. मारकुट्या माणसाला मान कसला द्यायचा?"

"समोरून मारायचा. नियमात मारायचा. नियम तसे होते ही त्याची चूक?"

"लूमिस, नियमाचं मला सांगू नकोस. त्याचा मान तू रुडेलच्या मानेवर उभा करणार आहेस का?"

मग दोघांनाही टॉवेलखाली कोण आहे ते आठवलं. वस्तरा थांबला. मीच म्हटलं, "पर्विस, कान तेवढे ठेव. अजून उपयोगी पडतात." हसले दोघं, पण उसनं. नंतर पर्विसनं पैसे घेतले नाहीत, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

मग लिंडक्विस्ट नावाच्या बाईंचा फोन आला. त्या क्रीडा वार्ताहर आहेत, या निवडीत ज्यांचं मत धरतात त्यांच्यापैकी एक. बोलणं सरळ. म्हणाल्या, "मिस्टर गेन्स, आमच्यात दोन तट पडलेत. तुमचा विषय निघाल्याशिवाय कोस्टेल्निकचा विषय पुढे जात नाही. अर्धे म्हणतात त्याच्यासारखा खेळाडू झाला नाही. अर्धे म्हणतात ती टक्कर विसरता येत नाही. तुम्हाला काय वाटतं, हे अजून कुणी विचारलेलंच नाही. तुम्ही सांगाल ते मी आमच्या बैठकीत जसंच्या तसं वाचून दाखवीन. काही सांगायचं नसेल तर तेही सांगा."

मी विचार करून सांगतो म्हटलं.

ताई, आता इथून पुढचं तुला माहीत नाही. डिसेंबरात मी हाताच्या डॉक्टरसाठी जॅक्सनला जातोय असं तुला सांगितलं होतं. मी जॅक्सनला गेलो नव्हतो. बसनं पेनसिल्वेनियाला गेलो होतो, त्याच्या घरी.

का गेलो ते सांगतो. तुला तो सामन्याचा रविवार माझ्याहून जास्त आठवतो, कारण तू तो टीव्हीवर पाहिला होतास आणि मला तर उडी मारल्यानंतरचं काहीच आठवत नाही. पण एवढं पक्कं आठवतं की चेंडू माझ्या बोटांवरून निघून गेला होता. माझ्या हातात काही नव्हतं. त्यानंतर तो येऊन आदळला. पंचांनी शिट्टी वाजवली नाही, तेव्हाच्या नियमात तो गुन्हाही नव्हता. पण त्याला थांबता आलं असतं का, एवढं एकट्या त्यालाच ठाऊक. ते मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. 'हो' म्हणाला असता तर मी बाईंना काय सांगणार होतो तेही ठरलं होतं, आणि ते तुला आवडलं असतं.

टेकडीवरचं छोटंसं घर. त्याच्या बायकोनं, मार्सेलानं, दार उघडलं. माझी काठी पाहिली, हात पाहिला, आणि म्हणाली, "तुम्ही कोण ते मी ओळखलं. तो ओळखणार नाही. आत या, बाहेर बर्फ आहे."

तो स्वयंपाकघरात बसला होता. माणूस अजूनही दरवाजाएवढा आहे, पण घडी घालून ठेवल्यासारखा. बुटाची नाडी बांधत होता, सोडत होता, पुन्हा बांधत होता. मार्सेला म्हणाली, डॉक्टर सांगतात डोक्यानं घेतलेल्या धडकांचं हे व्याज आहे. "मला आता नावानं हाक मारत नाही. बऱ्या दिवशी आई म्हणतो."

तिनं जेवायला बसवलं. कोबी आणि लोणी घातलेल्या नूडल्स, बाजूला भाजलेलं सॉसेज. माझा उजवा हात पाहून तिनं काही न विचारता माझ्या ताटलीतलं सॉसेज कापून दिलं. शेजारी त्याचंही कापलेलंच होतं. दोन म्हातारे समोरासमोर, दोघंही दुसऱ्यानं कापून दिलेलं खाणारे. ताई, मला हसू आलं. कुणाला सांगावं कळेना, म्हणून नूडल्सकडे बघून हसलो.

त्यानं मला बर्ट म्हटलं. बर्ट त्याच्या संघातला कुणीतरी असावा. आणि मग त्यानं विचारलं, "बर्ट, उठला का रे तो पोरगा?"

"कोण पोरगा?"

"चोवीस नंबरचा. हलत नव्हता. मी थांबतो म्हणत होतो, पण मला ओढून बाहेर नेलं."

मार्सेला चुलीकडे तोंड करून म्हणाली, "रोज विचारतो. पोस्टमनलाही विचारतो. आम्ही उठला म्हणून सांगतो."

मी काटा खाली ठेवला. म्हटलं, "उठला."

"कुणी उठवला?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही. वार्ताहर विचारायचे, कसं वाटतं. पाद्रीबुवा म्हणायचे, देवाची कृपा. डॉक्टर स्वतःचं नाव सांगायचे. कुणी उठवला, हे विचारणारा पहिला माणूस हा, आणि त्याला समोर कोण बसलंय तेही ठाऊक नाही.

"त्याच्या बहिणीनं," मी म्हटलं. "शिकागोत शिक्षिका होती. थोडे दिवस राहते म्हणून गावी आली आणि परत गेलीच नाही. त्याला न्हाऊ घातलं, भरवलं, शिव्या देऊन देऊन उभा केला. तो पडला की म्हणायची, पड अजून, मला कुठे दुसरं काम आहे."

तो कान देऊन ऐकत होता. म्हणाला, "मग बाई जबरी दिसते."

"आहे."

"चेंडू घेऊन माझ्यावर आली असती, तर?"

"तुला तुडवून गेली असती."

तो मोठ्यानं हसला. मार्सेलानं वळून पाहिलं. पुष्कळ दिवसांनी हसला असावा. मग दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "बर्ट, उठला का रे तो पोरगा?"

मी तिथे होतो तोवर त्यानं विचारायचं थांबवलं नाही, आणि मीही सांगायचं. मी जे विचारायला गेलो होतो ते राहूनच गेलं. आता ते जगात कुणालाच विचारता येणार नाही.

परत आल्यावर मी लिंडक्विस्टबाईंना फोन केला. रेडिओवाल्यांनी त्यातलं 'गेन्सनं कोस्टेल्निकला माफ केलं' एवढं एकच वाक्य तुझ्या कानावर घातलं, आणि ते मी बोललोच नव्हतो. मी जे बोललो ते असं होतं: मी ज्यांच्यासमोर खेळलो त्यांच्यात त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. मान खेळासाठी देत असाल तर त्याला द्या. तो चांगला माणूस होता की वाईट, हे तुम्ही ठरवू नका, तुम्हाला ते जमणार नाही. आणि माझी मान पुढे करून त्याला नाकारू नका. माझं आयुष्य त्या एका दुपारीत संपलं नाही. मला कुणाच्या 'नाही'चं कारण होऊन राहायचं नाही.

हे मी मनापासून बोललो. आजही तेच बोलेन.

पण तुला विचारल्याशिवाय बोललो, हे चुकलं. तू फोन ठेवलास तो त्याला मान मिळेल म्हणून नाही, एवढं मला कळतं. मान मोडली ती माझी. पण वर्गातली ती मुलं, तलावाजवळची ती खोली, आणि एव्हरेट, ज्यानं दोन वर्षं वाट पाहून दुसरीशी लग्न केलं, हे सगळं तुझं मोडलं. एव्हरेटबद्दल तू कधी अक्षर काढलं नाहीस, म्हणून मला वाटत राहिलं की ते मिटलंय. मी बाईंशी बोललो तेव्हा त्यांना वाटलं, ज्याचं नुकसान झालं तो बोलला, संपलं. दुसऱ्या कुणाचं काही गेलंय हे त्यांच्या बैठकीच्या खोलीत कुणाच्या मनातही आलं नसेल. मी सांगितलं असतं तर आलं असतं. पेनसिल्वेनियाच्या त्या स्वयंपाकघरात मी जे सांगितलं, ते त्या खोलीत सांगायला हवं होतं. तिथे सगळे शुद्धीवर होते.

तू कोस्टेल्निकला माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही. मी केलंय की नाही तेही मला धड माहीत नाही. काही सकाळी बूट चढवताना अजूनही त्याच्या नावानं शिवी येते. मग त्याची ती नाडी आठवते. मग नुसताच बसून राहतो.

तो निवडून आला हे तुला कळलंच असेल. लूमिसनं पर्विसच्या दुकानात डोनट वाटले. पर्विसनं एक खाल्ला आणि "माझं मत बदललेलं नाही" असं सांगून दुसरा उचलला. मार्सेलाचा फोन आला होता. तिनं एमिलला बातमी सांगितली, तर तो म्हणाला, "बरं. पण चेंडू कुणाकडे आहे?" सांगताना ती हसली.

ऑगस्टमध्ये ओहायोत सोहळा आहे. ती म्हणाली, "तुमच्यासाठी आणि तुमच्या बहिणीसाठी पुढच्या रांगेत खुर्च्या ठेवते." मी म्हटलं, माझं मी पुढे बघीन. बहिणीच्या खुर्चीबद्दल मी काहीच बोलणार नाही, या खेपेला तरी नाही.

येत्या शनिवारी दुपारच्या बसनं मी बिलॉक्सीला येतोय. नेलला सांगितलंय, तिच्यावर रागावू नकोस. ती थांब्यावर घ्यायला येईल. तुला खाली यायचं नसेल तर येऊ नकोस, मला आता जिने चढता येतात, हळू का होईना. तुला त्याच्याबद्दल, माझ्याबद्दल, शिकागोबद्दल जे बोलायचं असेल ते बोल. इतकी वर्षं घरात मीच दुखणेकरी होतो, त्यामुळे बोलायची पाळी नेहमी माझीच यायची. आता मी मध्ये तोंड घालणार नाही. दोन दिवस लागले तरी चालेल, दुकान लूमिसवर सोडलंय.

आणि नुसतं 'ठीक आहे' म्हणालीस, तर ते घेऊन मी परत जाणार नाही.

तुझं ऐकायला येत असलेला,
तुझा भाऊ
रुडेल