अकरा नंबरची अज्जी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आज नव्या नोकरीचा पहिला दिवस. सहा वर्षं एमआयडीसीत टॉवेलच्या घड्या घातल्या, आता घड्या नॅपकिनच्या! काळी पँट, पांढरा शर्ट, छातीवर ‘दानेश्वरी’ अशी माझ्या नावाची पट्टी. निघताना भाचीनं, शिवलीलानं, ती पट्टी एकेक अक्षर लावून वाचली आणि टाळ्या वाजवल्या.

हॉटेल म्हणजे राजवाडाच. लोक जेवून उठले की टेबल रिकामं करायचं, एवढंच माझं काम. पण आवाज होऊ द्यायचा नाही. ताटं डाव्या हातावर, चमचे वेगळे, मग फडकं, मग नवं कापड. कॅप्टन, म्हणजे आम्हा वाढप्यांचे मुख्य, सोमशेखर सर म्हणाले, रोज काय शिकलात ते घरी लिहून काढा. म्हणून ही वही.

शिकवायला राजनंदिनी आहे. दोन वर्षं हेच काम करते. लई हळू बोलते. पाच ताटं एका हातावर घेऊन चालते, पण वाटी हलत नाही. मला आवडली ती.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

खिडकीजवळच्या अकरा नंबरवर रोज दुपारी दीडला एक अज्जी येते. एकटीच. इरकल लुगडं, कपाळभर विभूती. थाळी मागवते आणि घासही न खाता उठते. भरलेलं ताट उचलायला मात्र तिला राजनंदिनीच लागते. तिचा हात धरते, गालावरून बोटं फिरवते, आणि कानडीत विचारते, “ऊट आतेनव्वा?” जेवलीस का गं पोरी?

राजनंदिनी रोज म्हणते, “इल्ल अज्जी.” नाही.

गावी, दुधनीला, आई म्हणजे आमची अव्वा मला असंच विचारायची. ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यानंतर हे कुणी विचारलंच नाही. दादाच्या घरी सैपाक मीच करते. करणारीला कोण विचारतं?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अकरा वाजता आम्ही सगळे कामगार जेवून घेतो. राजनंदिनी जेवत नाही. पोट बिघडलंय म्हणते. रोज कसं बिघडेल? आता कळलं मला. उपाशी पोरीला माया जास्त मिळते की! तोंड सुकवून उभी राहते आणि अज्जी विरघळते.

मी म्हटलं, एक दिवस अकरा नंबर मला दे. ती म्हणाली, “ते सोडून कुठलंबी घे.”

तिच्या गालावरून हात फिरताना मी आज चार टेबलं लांब उभी होते. हातातला ग्लास कधी निसटला कळलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सोमशेखर सरांना सांगितलं. राजनंदिनी पाहुण्यांच्या ताटातलं उष्टं खाते, मी पाहिलंय. जिभेवर आलं तेव्हा मलाच ते खरं वाटलं. सर म्हणाले, तरीच ती आपल्याबरोबर जेवत नाही. तिला खाली लाँड्रीत टाकलं.

अकरा नंबर माझं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी ती मला गाठून उभी राहिली. मला वाटलं भांडेल. म्हणाली, “मी रागावले न्हाय. एक ऐक फक्त. ती उठून जाईपर्यंत पोटात काही घालू नको. खोटं बोललेलं तिला कळतं. आणि घरच्या कुणाचं नाव सांगू नको.”

जळतेय, दुसरं काय! मी मुद्दाम दोन भाकरी खाल्ल्या, शेंगाचटणी आणि दही.

दीडला अज्जीनं माझा हात धरला. इतका मऊ हात. “ऊट आतेनव्वा?” मी म्हटलं, “हो अज्जी, पोटभर.”

तिनं डोळे मिटले आणि हळूहळू चावू लागली. तोंडात काहीच नव्हतं. मग म्हणाली, शेंगाचटणी छान झाली होती.

चटणीचं मी बोललेच नव्हते. हाताला वास असेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

भूक भागत नाही. काल पाच भाकरी खाल्ल्या, तरी पोट पाठीला लागलेलं. पँट कमरेत सैल झाली.

पण ती मला मगळ म्हणते. लेक! आज विचारलं, घरी अजून कोण आहे? तिला माझा कंटाळा येईल अशी भीती वाटली, म्हणून शिवलीलाचं सगळं सांगितलं. नाव, वय, किती गोड बोलते, वरणभात कसा मटकावते.

राजनंदिनी धुतलेले नॅपकिन घेऊन दारात उभी होती. बघत होती. बघू दे.

२३ फेब्रुवारी, रविवार

अज्जीनं विचारलं, तुझी अव्वा काय खाऊ घालायची? मी सांगितलं. ती चावत राहिली, डोळे मिटून, खूप वेळ.

आता घरी आठवून पाहतेय. अव्वा काय करायची? काहीतरी गोड होतं, तूप होतं — चूल दिसते. फुंकणी दिसते. चुलीपुढं कुणी बसलेलंच नाही.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

घरात सगळ्यांचा उपास. मी पाणीसुद्धा घेतलं नाही.

तिनं विचारलं. मी म्हटलं, इल्ल अज्जी.

हात सोडला तिनं. तोंड उघडंच राहिलं. आत दात नाहीत. जीभ नाही. धुऊन पालथ्या घातलेल्या डब्यात वाकून बघावं तसं —

दोन वर्षं राजनंदिनी उपाशी उभी राहिली. अज्जीनं आमच्यापैकी कुणाला विचारू नये, कुणाचं खाल्लेलं ओढून घेऊ नये म्हणून. आणि मी —

२७ फेब्रुवारी

लाँड्रीत जाऊन तिचे पाय धरले. तिनं एवढंच विचारलं, “घरच्या कुणाचं नाव सांगितलंस?”

मी म्हटलं, शिवलीलाचं. ती चादरींच्या ढिगावर मटकन बसली.

अकरा नंबर आज रिकामं. अज्जी आलीच नाही. लिहायला लाज वाटते, पण भीती नंतर आली. आधी मनात आलं, माझ्यापेक्षा कोण आवडलं तिला? आता कुणाचा हात धरला असेल?

मग कळलं.

२८ फेब्रुवारी

कामावर गेले नाही. उभंच राहवत नाही. दादा-वहिनी कारखान्यात. सकाळी सांगितलं त्यांना — हसले.

शिवलीला शाळेतून आली. म्हटलं जेवू नको. ऐकलं नाही. वरणभात. वाटी चाटूनपुसून —

दीड वाजला.

कडी वाजतेय. उघडू नको म्हणतेय मी. आवाज निघत नाही. सरकत दारापर्यंत — हात टेकववत नाहीत —

उघडलं तिनं.

इरकलचा काठ दिसतोय. गालावरून हात —

मोठ्यांनी विचारलं की नीट उत्तर द्यायचं, मीच शिकवलंय. शिवलीला, नको — बोलू नको गं —

“हो अज्जी, आत्ताच जे